अ‍ॅन स्टीलच्या गीताआधी बुडालेल्या वराची गोष्ट सांगावी का?

स्वरलिपी:
इंग्लंडच्या हॅम्पशरमधल्या ब्रॉटन गावच्या अ‍ॅन स्टील (१७१७–१७७८) या बॅप्टिस्ट (एक ख्रिस्ती पंथ) गीतकर्तीचं गीत घेताना हटकून सांगतात की लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा मुलगा नदीत बुडाला आणि त्या दुःखातून गीत आलं. हे थांबायला हवं. त्या गोष्टीतला जेम्स एल्कम १७३७ मध्ये बुडाला, एवढं खरं. लग्न ठरल्याचा त्या काळचा भक्कम पुरावा नाही. पुढे १७४२ मध्ये बेंजामिन बेडम या पाळकांनी, जे स्वतः गीतकार होते, मागणी घातली. तीही बाईंनी स्वीकारली नाही.

जुना_कॉयर:
असहमत. मंडळी शब्दांकडे लक्ष देतात ती अशा गोष्टीमुळेच. तीन वर्षांच्या असताना आई गेली, आजारपण जन्मभर पुरलं. दुःख तर खोटं नव्हतं ना?

स्वरलिपी:
मग आजारपणच सांगा, त्याला आधार आहे. शिवाय १७६० चे दोन खंड त्यांनी ‘थिओडोशिया’ या टोपणनावाने छापले. ज्या बाईने नाव झाकलं, तिचं लग्न आपण मंचावरून चघळायचं?

पानगळ:
त्याहून मोठा घोळ कडव्यांचा आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. त्यांचं सर्वांत गाजलेलं ‘Father, whate’er of earthly bliss’ हे गीत मुळात दहा कडव्यांचं. टॉपलेडी या पाळकांच्या १७७६ च्या संग्रहात शेवटची तीनच आली. आधीच्या कडव्यांना जोडणारी सुरुवात बदलून तिथे देवाला थेट हाक घातली. पहिल्या सात कडव्यांत मन आयुष्याचे चढउतार पाहतं, कुरकुरतं, मग शेवटच्या तीनांत शांत मन मागतं. ती सात गाळली की फक्त मागणं उरतं, आणि मग ते पटावं म्हणून बाहेरून नदीची गोष्ट आणावी लागते!

जुना_कॉयर:
दहा कडवी गाऊन पाहा. ८.६.८.६ च्या, म्हणजे आलटून-पालटून आठ आणि सहा उच्चारांच्या चार ओळींच्या, कडव्याला ओळीअखेरच्या थांब्यासह ३२ ठोके. मिनिटाला ६० ठोक्यांनी दहा कडव्यांना पाच मिनिटं वीस सेकंद. वाद्याशिवाय गाल तर सातव्या-आठव्या कडव्यापर्यंत सूर उतरलेला असतो. कात्री लावणाऱ्यांना मंडळीचा दम माहीत होता. अ‍ॅश आणि इव्हान्स यांच्या १७६९ च्या ब्रिस्टल संग्रहात ४१२ पैकी ६२ गीतं बाईंची आहेत. त्या उपासनेत पोचल्या त्या संग्रहांमुळेच.

पानगळ:
दम राखायला कात्रीच कशाला? पहिली सात एकाने वाचावीत, वाद्याने खाली चालीचा सूर धरावा, आठव्यापासून सगळ्यांनी गावं. धरलेल्या सुरामुळे पट्टी हलत नाही. चालही बदलता येते: अभंगाच्या ६-६-६-४ ला जशी हवी ती चाल बसते, तशी ८.६.८.६ ची कुठलीही इथे बसते. मात्र नाचरी घेऊ नका, आठव्या कडव्यातलं नकार पचवणं त्यात वाहून जातं.

जुना_कॉयर:
वाचन मान्य. पण तेवढा वेळ मिळवायला प्रस्तावना गाळावी लागेल.

स्वरलिपी:
गाळा. गाळायला सुरुवात नदीपासून करा.