शब्दचर्चा: उंदरांची ‘सामाजिकता’ की ‘सोबतीची ओढ’?

प्रश्न (सांगली):
औषधनिर्माणशास्त्राच्या मुलांसाठी एका प्रयोगाची माहिती मराठीत लिहितेय. तीन कप्प्यांची पेटी असते. एका कडेच्या कप्प्यात तारेच्या पालथ्या पेल्याखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या कडेला तसाच रिकामा पेला. आपला उंदीर 10 मिनिटं मोकळा सोडायचा आणि तो कुणाजवळ किती वेळ काढतो ते मोजायचं. मग रिकाम्या पेल्याखालीही एक नवा उंदीर ठेवायचा. आता एक ओळखीचा, एक नवा. मी ‘सामाजिकता’ आणि ‘सामाजिक नावीन्य’ लिहिलं. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, म्हणजे उंदीर समाजासाठी काय करतात?” चूक तिची नाही, शब्दाची आहे.

उत्तर (सातारा):
ताई, ‘सामाजिक’ म्हटलं की आपल्याला कार्यकर्ता, संस्था, न्याय आठवतो. ‘मनमिळाऊ’ हा स्वभाव झाला आणि ‘माणूसघाणा’मध्ये तर माणूसच बसलाय. ‘सोबत’ घ्या. आमच्याकडे म्हातारी माणसं “रात्री सोबतीला ये गं” म्हणतात. बोलायचं काही नसतं, नुसतं जवळ असायचं. पेटीत तेच मोजतात. म्हणून पहिल्या टप्प्याला ‘सोबतीची ओढ’, दुसऱ्याला ‘नव्याची ओढ’. ‘नवखा’ मात्र नको, त्यात शिकाऊपणाचा अर्थ येतो.

उत्तर (मिरज):
‘ओढ’ छान आहे, पण ती निष्कर्षात लिहा. तक्त्यात जे डोळ्यांना दिसतं तेच हवं: ‘हुंगण्याचा वेळ, सेकंद’. ‘वास घेणे’ही नको. फोडणीचा वास लांबूनही घेता येतो; हुंगायला नाक जवळ न्यावं लागतं. जाळीला नाक लावून मिशा हलवतो तेवढंच धरायचं. त्याच कप्प्यात पाठ करून अंग चाटत बसला, तर तो कप्प्यातला वेळ, हुंगण्याचा नव्हे. पेल्यावर वजन ठेवायला सांगा, नाहीतर उंदीर वर चढून बसतो आणि मुलं तेही जवळीक म्हणून मोजतात.

आणखी एक. 25 ग्रॅमचा तोही उंदीर आणि 300 ग्रॅमचा तोही उंदीर, अशी मराठीत अडचण आहे. मोठ्याला ‘घूस’ म्हणू नका, ती वेगळी जात. चिचुंद्री तर कुरतडणाऱ्या प्राण्यांतच येत नाही. प्रयोगशाळेत सगळे ‘माऊस’ आणि ‘रॅट’ म्हणतात, तेच लिहावं.

प्रश्नकर्ती:
दोघांचे आभार, तक्ता आजच बदलते. आता दुसऱ्या चाचणीवर अडलेय. एका नराच्या पिंजऱ्यात परका नर सोडतात आणि पहिला हल्ला किती सेकंदांनी झाला, चावे किती, ते मोजतात. परक्याला ‘घुसखोर’ लिहिलंय.

उत्तर (सातारा):
घुसखोर आपणहून घुसतो. याला तर आपण शेपटीला धरून आत सोडतो.

प्रश्नकर्ती:
खरंय. मग ‘पाहुणा’?

उत्तर (मिरज):
चावे खाणारा पाहुणा कसा? ‘उपरा’ लिहा. पिंजरा ज्याचा, तो ‘घरचा’. बाहेरून आणलेला, तो ‘उपरा’. तक्त्यातही दोन्ही शब्द सहज मावतात.