जलपर्णीचं इथेनॉल: बुडबुडे येऊन थांबले, काहून?

अंबाझरीवाली:
नागपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अंबाझरी तलावातून काढलेली जलपर्णी काठावर सडताना लहानपणापासून पाहते, म्हणून प्रोजेक्टला तीच घेतली. मुळं तोडून पानं-देठं चिरली, 2 टक्के सल्फ्युरिक आम्लात ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) 121 अंशांवर तासभर ठेवली. गाळून चोथा फेकला, चुन्यानं आम्ल मारलं, बेकरीचं यीस्ट टाकलं. साखर ओळखायच्या बेनेडिक्ट चाचणीला विटकरी रंग येतो, म्हणजे साखर आहे. तरी पहिल्या दिवशी थोडे बुडबुडे, मग सगळं बंद. तीनदा करून राहिले. सर म्हणतात ऊस घे. मला जलपर्णीच पाहिजे.

जुना केमिस्ट:
बेटा, तू फेकलास तो चोथाच कामाचा होता. मी डिस्टिलरीत 22 वर्षं उसाच्या मळीचं आंबवण पाहिलंय. सौम्य आम्लानं सुटते ती मुख्यतः हेमिसेल्युलोज या पेशीभिंतीतल्या घटकाची साखर, म्हणजे झायलोज. बेनेडिक्ट तिलाही रंग देतो, पण बेकरीचं यीस्ट तिला तोंड लावत नाही. ग्लुकोज सेल्युलोजमध्ये, म्हणजे वनस्पतीच्या तंतूत आहे आणि ते चोथ्यातच राहतं. चोथा धुऊन पीएच 5 च्या आसपास आण, सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं विकर) घालून 50 अंशांवर दोन-तीन दिवस ठेव, निवल्यावर यीस्ट घाल. झायलोजही वापरायची असेल तर पिचिया स्टिपिटिस हे ती आंबवणारं यीस्ट मागव. आम्लात जास्त उकळू नकोस, फरफ्युरल नावाचं रसायन तयार होतं आणि यीस्ट दबतं.

हिशोबही करून ठेव. 100 किलो हिरव्या जलपर्णीत सुमारे 94 किलो पाणीच. उरलेल्या 6 किलोत सेल्युलोज 20 टक्के धरलं, तर कागदावर 860 मिली इथेनॉल निघतं, हातात त्याहून कमी. म्हणून आधी गच्चीवर वाळव. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन फुकट आहे, ते वापर. ओली घेतलीस तर आंबवणात एखादा टक्काच अल्कोहोल येईल, मळीत आम्हाला आठ-नऊ मिळायचं. एवढं पातळ उकळून गाळायला इंधन जळतं किती!

आणि गाळू नकोसच. परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे. फ्लास्क रोज वजन कर. 1 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडाला की साधारण 1.05 ग्रॅम इथेनॉल झालं.

गोरेवाडा:
शेणात मिसळून गोबरगॅस केला तर वाळवायची गरज नाही. सांडपाण्याच्या तलावातली जलपर्णी जड धातू शोषते, उरलेली स्लरी भाजीला घालण्याआधी तपासा. आणि ओले तुकडे दुसऱ्या तळ्याजवळ नेऊ नका, देठाच्या तुकड्यातूनही फुटते.

अंबाझरीवाली:
काका, तिसऱ्या बॅचचा चोथा फ्रीजमध्ये आहे, पिशवीत! फेकायचा राहिला होता. सेल्युलेज विभागात आहे का, ते सोमवारी विचारते. वजनकाटा 0.01 ग्रॅमचा आहे, चालेल ना?

जुना केमिस्ट:
250 मिलीच्या फ्लास्कला पुरेल. तोंडाला वाकडी नळी लाव आणि तिचं टोक पाण्यात बुडव. सोबत यीस्ट न टाकलेला एक फ्लास्क ठेव, बाष्पाचं वजन त्यातून वजा कर. पहिला आकडा इथेच टाक, मी वाट बघतो.