मराठीत नोटीस मागितली तर राज्याविरुद्ध बोलल्यासारखं होतं का?

खानापूरची_लेक

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. आईच्या नावावर शेताच्या मोजणीची नोटीस आली, अख्खी कन्नडमध्ये. आई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. शेजारच्या पोराकडून वाचून घेतली, त्यालाही अर्धीच समजली. हरकत घ्यायला मुदत असते हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी कचेरीत जाऊन मराठी प्रत मागितली तर टेबलावरचे साहेब म्हणाले, "कर्नाटकात राहता ना, मग कन्नड शिका."

संध्याकाळी तरुण मंडळाच्या बैठकीत हे सांगितलं, तर तिथं दोन तट पडले. एक म्हणतो, सीमाप्रश्न सुटल्याशिवाय काही मिळायचं नाही. दुसरा म्हणतो, गप्प बस, राज्याविरुद्ध बोललीस म्हणून केस घालतील. मला दोन्ही पटत नाही, पण उत्तरही देता येईना. कायद्यानं आईला मराठीत कागद मागता येतो का? आणि नुसतं मागितलं म्हणून केस होते का?

कंग्राळीचा_पैलवान

ताई, मनापासून सांगूलो, राग मानू नका. १९५६ पासून आपली माणसं अर्जच करूलीत. सीमा ठरवायला महाजन आयोग झाला, त्याचा अहवाल महाराष्ट्रानं नाकारला, २००४ ला सुप्रीम कोर्टात दावा गेला. ८६ साली कन्नडसक्तीच्या विरोधात माणसं गोळ्या खाऊन गेली, १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला आम्ही दरवर्षी जातो. एवढं सगळं होऊन आता कर्नाटकच्या साहेबाकडं "मराठी प्रत द्या हो" म्हणणं म्हणजे आम्ही इथलेच, अशी कबुली देणं. आधी सीमा, मग बाकी सगळं.

नंदगडचे_गुरुजी

पैलवान, हिंडलग्याला मीही येतो. पण "आधी सीमा, मग बाकी" हे मला मान्य नाही, आणि त्याचं कारण नीट सांगतो.

सुप्रीम कोर्टातला दावा महाराष्ट्र सरकारनं घातलेला आहे, घटनेच्या कलम १३१ खाली. तो राज्याराज्यांतला आहे. या मुलीची आई त्यात पक्षकार नाही. नोटिशीची मुदत मात्र तिची आहे आणि ती कोर्टाच्या तारखेसाठी थांबणार नाही. शिवाय कबुलीचा प्रश्नच येत नाही. १९५६ ला राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या, त्याच सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३५०अ आणि ३५०ब घटनेत आली. रेघ कुठंही ओढली तरी काही माणसं पलीकडं राहणारच, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं. म्हणून त्या माणसांसाठी तरतूद करून ठेवली. ती वापरणं म्हणजे सीमेवरचा हक्क सोडणं नव्हे. दोन लढे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी लढता येतात.

आता पोरी, तुझ्या कामाचं. कलम ३५० वाच. गाऱ्हाणं मांडायचं असेल तर राज्यातल्या कुठल्याही अधिकाऱ्याकडं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अर्ज देता येतो. म्हणजे आईचा अर्ज मराठीत चालतो, तो कन्नडमध्ये लिहून आणा म्हणून परत करता येत नाही. दुसरं, १९५६ मध्येच केंद्र सरकारनं भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक निवेदन काढलं. एखाद्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत साधारण १५ ते २० टक्के लोक एक भाषा बोलत असतील, तर सरकारी नोटिसांसारखे कागद त्या भाषेतही काढावेत, असं त्यात आहे. खानापुरात मराठीचं प्रमाण त्याहून कितीतरी जास्त आहे. पण हे निवेदन धोरण आहे, कायदा नव्हे. नुसत्या त्याच्या जोरावर कोर्टात जाऊ नकोस. अर्जात त्याचा उल्लेख जरूर कर, आणि कचेरीनं दाद दिली नाही तर ३५०ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी नेमलेल्या आयुक्तांकडं तक्रार पाठव.

"कन्नड शिका" याबद्दल एकच सांगतो. शिकावीच. मी माझ्या पोरांना आग्रहानं शिकवली, इथं तिच्यावाचून अडतं. पण साठीच्या बाईला तिच्या शेताची मोजणी होणार आहे हे कळवण्यासाठी तिनं आधी नवी लिपी शिकावी, ही अट कुठल्या न्यायात बसते?

जतकर

मी सांगली जिल्ह्यातल्या जतचा. घरी कन्नड, बाहेर मराठी. गुरुजी, तुमचं सगळं वाचलं, पटलं. पण माझी आजी तर कन्नड शाळेत शिकलेली. तिला येणारे सगळे कागद मराठीत. आमच्याकडं कन्नड शाळा आहेत, पण कचेरीत कन्नड प्रत मागितली तर ऐकायला काय मिळतं माहितीये? "महाराष्ट्रात राहता ना?" अगदी तेच वाक्य. खानापूरच्या ताईंसाठी जे मागताय ते जत, अक्कलकोटच्या म्हाताऱ्यांसाठी मागाल का?

नंदगडचे_गुरुजी

मागेन, आणि जोरानं मागेन. तुमच्या आजीला नाही आणि हिच्या आईला हवं, असा हक्क असूच शकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेचं प्रकरण आलं होतं. पाटीवर मराठीच्या खाली उर्दू नको, अशी मागणी होती. कोर्टानं ती फेटाळली. स्थानिक लोकांना जी भाषा समजते ती पाटीवर लिहायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. इथल्या मराठी पाट्यांसाठी आपण हाच युक्तिवाद करतो. तो पातुरात आणि जतमध्ये नको म्हटला तर बेळगावात कोण ऐकेल?

केसबद्दल सांगायचं राहिलं. मराठी प्रत मागणं हा गुन्हा नाही. दोन समाजांत वैर पसरवण्याचं कलम (आता भारतीय न्याय संहितेचं १९६) लावायला तसा हेतू दिसावा लागतो. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरून झालेल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं म्हटलं आहे की बोलण्या-लिहिण्याच्या अशा प्रकरणांत पोलिसांनी गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करणं योग्य. शब्दांचा परिणामही खंबीर मनाच्या माणसाच्या मापानं जोखायचा, जो प्रत्येक टीकेत धोका बघतो त्याच्या मापानं नव्हे. मात्र मंडळातल्या पोरांना बजावून ठेव: सरकारवर कितीही कडक बोला, कन्नड माणसाला शिवी नको. कायद्यासाठी नको आणि जतकरांच्या आजीसाठीही नको.

कंग्राळीचा_पैलवान

गुरुजी, सीमेचं माझं मत बदललेलं नाही, बदलणारही नाही. पण मुदतीचं खरं आहे. ताई, अर्ज द्यायला जाताना कळवा, मी येतो सोबत. एकट्या बाईमाणसाला टेबलावरनं हाकलतात.

खानापूरची_लेक

गुरुजी, पैलवानदादा, जतकर, सगळ्यांचे आभार. दादा, सोमवारी सकाळी या. गुरुजी, एक विचारते, हरकत आणि मराठी प्रतीची मागणी एकाच अर्जात लिहू का?

नंदगडचे_गुरुजी

नको, वेगवेगळे कर. हरकतीचा अर्ज आधी दे, त्यात भाषेचा विषय आणू नकोस, म्हणजे एका कारणानं दुसरं अडणार नाही. दोन्हींच्या दोन-दोन प्रती ने आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय उठू नकोस. शिक्का द्यायला नकार दिला तर तिथनं थेट पोस्टात जा आणि पोच मिळेल अशा स्पीड पोस्टानं पाठव. आईचा अंगठा नको, ती सही करते ना, सहीच घे.