सातवीच्या मुलांना पाण्यातलं अभिसरण कसं दाखवावं?

मृण्मयी_ग
मंडळी, जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. वहन, म्हणजे पदार्थातून उष्णता पुढे सरकणं, पटकन होतं, चमच्याला मेणाने टाचण्या चिकटवल्या की काम झालं. गाडी अडते ती अभिसरणाशी, म्हणजे तापलेलं पाणी वर, गार पाणी खाली असं फिरत उष्णता पसरते त्याच्याशी. पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा रंग सोडणारा खडा टाकून चंचुपात्र तापवलं की बघता बघता सगळं पाणी जांभळं होतं. प्रवाह कुठे दिसतच नाही. मग फळ्यावर बाण काढा! पोरं 'उष्णता वर जाते' एवढं पाठ करून मोकळी. स्पिरिटचा दिवा एकच आहे, शाळेत फ्रिज नाही. तुम्ही कसं दाखवता?

बोरूबहाद्दर
ताई, खडा मोठा पडत असणार. मोहरीच्या निम्म्याएवढा पुरे. पात्रात पाणी ओतून ते आधी पूर्ण निवळू द्या. स्ट्रॉ तळापर्यंत धरून त्यातून खडा सोडा, वरचं तोंड बोटाने बंद करून स्ट्रॉ हळूच काढून घ्या. ज्योत बारीक, आणि मधोमध नको. एका कडेला, खड्याच्या बरोबर खाली. मागे पांढरा कागद. जांभळी रेघ वर चढते, पृष्ठभागावर आडवी पसरते आणि समोरच्या कडेने खाली उतरते. उतरतानाच मुलांना थांबवून विचारा की ही खाली का आली. खडा चिमट्यानेच उचला, बोटांवरचे तपकिरी डाग लवकर जात नाहीत.

कुळीथ_पिठलं
परमँगनेटबद्दल माझं जरा वेगळं मत आहे. त्याचं द्रावण मुळातच पाण्यापेक्षा जड, त्यामुळे न तापवताही ते तळाशी पसरतं. एखादं चौकस पोर नेमकं तेच विचारतं. म्हणून दुसरं पात्र न तापवता शेजारी ठेवाच.

त्यापेक्षा ज्योतीशिवाय करा. शाईची रिकामी दौत घ्या, गळ्याला दोरी बांधा, रंगवलेलं गरम पाणी काठोकाठ भरा (हवा राहिली तर बुडबुडे येऊन सगळा विचका होतो) आणि गार पाण्याच्या मोठ्या बरणीत अलगद सोडा. रंगाचा लोट सरळ वर जातो आणि वरच थर धरून राहतो. मग दौतीत गार रंगीत पाणी भरून तेच पुन्हा. काय होईल ते मुलांकडून आधी वहीत लिहून घ्या.

सांजसावली
+१ दौतीला. पण यात नुसतं वर जाणंच दिसतं. खाली येणं दाखवायला निळा बर्फ, म्हणजे रंग घालून गोठवलेलं पाणी. कोमट पाण्यात बर्फाचा खडा सोडला की तो तरंगतो आणि त्याच्या बुडातून निळे धागे तळाकडे उतरतात. 'बर्फ तरंगतो, मग त्याचंच पाणी बुडतं कसं?' हा प्रश्न आमच्या वर्गात दरवर्षी येतो आणि पुढचा अर्धा तास त्यातच जातो. जाऊ द्यावा. पाणी मात्र कोमटच हवं. पाणी सर्वांत जड असतं ४ अंश सेल्सिअसला, त्यामुळे फार गार पाण्यात हे धागे नीट दिसत नाहीत.

गच्चीवरचा
शिक्षक नाही, पाणी तापवायचे सोलर बसवतो. पंप नसलेल्या सोलरमध्ये टाकी पॅनेलपेक्षा वर का असते, हे मुलांना विचारा. पॅनेलमधलं पाणी तापून हलकं होतं, टाकीतलं गार पाणी जड म्हणून खाली उतरतं आणि गरम पाण्याला वर ढकलतं. दिवसभर हे चक्र आपोआप चालू. टाकी पुरेशी उंच नसेल तर रात्री प्रवाह उलटा फिरतो आणि सकाळी गिऱ्हाइकाचा फोन येतो. लिटरभर पाण्याचं वजन २० अंशाला ९९८ ग्रॅम, ८० अंशाला ९७२. एवढ्याशा फरकावर आमचा धंदा चालतो.

बोरूबहाद्दर
गच्चीवरचा, हे वर्गात सांगणार! आणि ताई, 'उष्णता वर जाते' मोडायचं असेल तर परीक्षानळीच्या तळाशी तारेच्या जाळीत गुंडाळलेला बर्फ ठेवा, वर पाणी. नळी तिरकी धरून फक्त वरचा भाग तापवा, तोंड मुलांपासून दूर. वर पाणी उकळतं, तळाशी बर्फ तसाच. गरम पाणी आधीच वर आहे, मग फिरणार काय? आणि पाण्यातून वहन अगदी कमी.

मृण्मयी_ग
हे भारी आहे, यानेच सुरुवात करते. साधा बर्फ शाळेबाहेरच्या गोळेवाल्याकडे मिळेल, निळा घरून थर्मासमधून नेईन. खाण्याचा रंग घेऊ की शाई?

सांजसावली
खाण्याचा. शाई सांडली तर गणवेश धुणाऱ्या आयांची बोलणी तुम्हालाच खावी लागतील.