वडिलोपार्जित तलवारीस कोणते नाव शोभेल?

दांडियाबाजारकर, बडोदे: आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एक धोप, म्हणजे सरळ पात्याची लांब तलवार, आहे. दर खंडेनवमीला तिची यथासांग पूजा होते, परंतु तिला नाव असे कोणी दिलेले नाही. यंदा मुलांनी नाव ठेवण्याचा आग्रह धरला असून धाकट्यांना ‘भवानी’ हवे आहे, जे मला प्रशस्त वाटत नाही. आमचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा आहे. निरनिराळ्या देशांत तलवारींची नावे कोणत्या विचाराने ठेवली गेली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ग्वाल्हेरकर: आपला संकोच रास्त आहे. छत्रपतींच्या तलवारीचे नाव उचलण्यापेक्षा त्यामागची रीत घ्यावी, असे मला मनापासून वाटते. तुळजाभवानी ही भोसल्यांची कुलदेवता आणि तिचेच नाव तलवारीस लाभले. कोल्हापूरच्या छत्रपतींनी 1875-76 च्या दौऱ्यात ब्रिटिश युवराजांना भेट दिलेली आणि आज इंग्लंडच्या राजसंग्रहात असलेली तलवार ‘जगदंबा’ म्हणून ओळखली जाते. तेही नाव देवीचेच.

शस्त्राभ्यासक: जपानची रीत वेगळी आहे. तेथील ‘कुसानागी’चे आधीचे नाव ढगांवरून पडलेले होते, पुढे दंतकथेतील राजपुत्र यामातो ताकेरू पेटलेल्या गवताळ रानात शत्रूंच्या कोंडीत सापडला असता त्याने त्याच तलवारीने भोवतालचे गवत कापून प्राण वाचवले आणि तेव्हापासून ती ‘गवत कापणारी’ झाली, अशी कथा आहे. म्हणजे तेथे आधी पराक्रम घडतो आणि नाव मागाहून येते. आपल्या धोपेविषयी घरातील वडीलधाऱ्यांना एखादी हकीकत ठाऊक असेल, तर प्रथम ती लिहून घ्यावी.

जपानी कारागीर मुठीत दडणाऱ्या भागावर आपले नाव कोरतात. मराठ्यांच्या अनेक तलवारींची पाती युरोपातून आलेली असल्याने त्यांवरही तेथील कारखान्यांच्या खुणा आढळतात. म्हणून एक कळकळीची विनंती: पूजेच्या निमित्ताने पाते चिंच किंवा राख लावून घासू नये. अशी खूण एकदा झिजली की परत मिळत नाही.

अमरकोशप्रेमी: मला सर्वांत मोलाचे वाटते ते एक साम्य. अमरकोशात विष्णूच्या खड्गाचे नाव ‘नन्दक’, अर्थात आनंद देणारा, असे दिले आहे. आणि फ्रान्सच्या राजांच्या राज्याभिषेकात मिरवलेली, आज लूव्र संग्रहालयात असलेली, मध्ययुगीन सम्राट शार्लमेनची म्हणून मानली जाणारी तलवारही ‘ज्वायूझ’, म्हणजे आनंदीच. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन परंपरांनी संहाराच्या साधनास आनंदाचे नाव द्यावे, याचा मुलांनी अवश्य विचार करावा, कारण रक्त, काळ, मृत्यू असे शब्द त्यांना चटकन सुचतात. ‘चंद्रहास’ ऐकण्यास सुंदर आहे, मात्र ते रावणाचे खड्ग होते, हे ध्यानात असू द्यावे.

ग्वाल्हेरकर: खंडोबा कुलदैवत असल्यास ‘म्हाळसा’ सुचवतो. मणी-मल्लांच्या युद्धात ती देवाबरोबर घोड्यावर असते, त्यामुळे शस्त्रास ते नाव परके वाटणार नाही.

दांडियाबाजारकर: आपणा सर्वांचा आभारी आहे. ‘म्हाळसा’ हे नाव घरात मांडतो. आत्याबाईंना धोपेची जुनी हकीकत ठाऊक आहे, ती लिहून घेतल्यावरच अंतिम निर्णय करू. पात्यावर मुठीलगत काही अक्षरे पुसट दिसतात. धातूस इजा न करता ती वाचण्याचा मार्ग कोणी सांगू शकेल काय?

शस्त्राभ्यासक: अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत पात्यावर तिरका धरावा आणि निरनिराळ्या कोनांतून छायाचित्रे घ्यावीत, पाण्याचा हात लावू नये.