सँड डॉलर : शिंपला, कवच की तबकडी?

प्रश्न : स्कुटेला या नामशेष सँड डॉलरवर (चपट्या, चकतीसारख्या सागरी प्राण्यावर) मराठीत लिहितो आहे आणि पहिल्याच ओळीत अडलोय. ‘स्कुटेलाचा शिंपला’ म्हणावे का? ‘वाळूचा डॉलर’ तर कानाला अगदीच खटकते.

– शिंपला कृपया नको. शिंपला मृदुकाय प्राण्यांचा, अंगाबाहेरचा. स्कुटेला कंटकचर्मी, म्हणजे तारामाशाचा आणि काटेरी गोळ्यासारख्या सागरी अर्चिनचा भाऊबंद. जिवंतपणी या चकतीवर त्वचा होती आणि तिच्यावर मखमलीसारखे दाट, आखूड काटे. आपल्या हाती लागतो तो आतला सांगाडा. ‘कवच’ रूढ आहे, चालेल. पण ते त्वचेखालचे, हे एकदा तरी लिहाच.

नावासाठी लॅटिनकडे बघा. स्कुटेला म्हणजे छोटी थाळी. मी ‘वाळूतबकडी’ म्हणेन.

– वाळूतबकडी फार आवडला! मात्र हा शब्द सगळ्या सँड डॉलरना द्या, एकट्या स्कुटेलाला नको. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १८१६ मध्ये या नावाखाली आरपार भोके असलेल्या, आजही जिवंत असलेल्या जातीही घातल्या होत्या. पुढे त्या वेगळ्या काढल्या. आता स्कुटेला म्हणजे ऑलिगोसीन-मायोसीन काळातला (सुमारे ३.४ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा), फक्त जीवाश्मरूपात उरलेला, भोके नसलेला वंश. आणि ‘वंश’च (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत genus) लिहा. ‘प्रजाती’ कुणी वंशासाठी वापरते, कुणी जातीसाठी, वाचक गोंधळतो.

प्रश्न : कवचाच्या वरच्या बाजूच्या पाच ‘पाकळ्या’? फुलाच्या वाटणार नाहीत ना?

– वाटू देत, आकार तसाच आहे. भिंग लावून पाकळीची कड पाहा, छिद्रांच्या जोड्या ओळीने दिसतील. एकेका जोडीतून एकेक नलिकापाद (नळीसारखा मऊ पाय) बाहेर यायचा आणि श्वसनाचे काम करायचा.

– एक राहिले. ‘वाळूत पुरलेला’ जपून वापरा. उथळ समुद्राच्या तळाशी हा प्राणी काट्यांच्या हालचालीने स्वतःच वाळूत शिरायचा आणि कणांमधले सेंद्रिय अन्न वेचायचा. ते ‘शिरणे’. मेल्यावर गाळाखाली जातो ते ‘पुरले जाणे’. थरात एकावर एक रचलेली, झिजलेली, कडा तुटलेली कवचे दिसली, तर बहुधा लाटांनी ती वाहून आणून टाकलेली असतात. तिथे ‘येथे राहत होता’ असे लिहू नका, ‘येथे सापडतो’ लिहा.