अनुभव धागा : नाक मोकळं करणारे थेंब कशासाठी वापरलेत?

रानजाई
पावसाळा लागला की घराघरांत झायलोमेटाझोलिन नाहीतर ऑक्सिमेटाझोलिनची बाटली निघते. सर्दीखेरीज आणखी कशासाठी डॉक्टरांनी हे थेंब दिले? जे घडलं ते सविस्तर लिहा.

चाफा
सासूबाईंचा घोळणा फुटला, रक्त थांबेचना. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी बीपी बघितलं, मग ऑक्सिमेटाझोलिनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा नाकात ठेवला. मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग घट्ट दाबून धरायला लावला. नाक चोंदतं ते आतल्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळे, आणि हे औषध त्याच आकसवतं, म्हणून रक्तही थांबतं. मला हे ठाऊकच नव्हतं. आम्ही मात्र मान मागे टाकून बसवलं होतं. तसं करू नका, रक्त घशात उतरतं.

भटका
सर्दी असताना विमान उतरू लागलं की कानात जीवघेणी कळ यायची. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरायच्या साधारण तासभर आधी स्प्रे मारतो. मला फरक पडतो.

सुरंगी
माझ्या वडिलांचं सांगते, कारण हे प्रत्येक घरात कळायला हवं. बाटली कायम उशाशी. असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त बंद, की पुन्हा थेंब. झोप त्यावरच अवलंबून. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी स्टेरॉइडचा स्प्रे सुरू केला, मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं आणि थेंब आधी एकाच नाकपुडीत बंद केले. निदान एका बाजूने श्वास घेता येई. सुरुवातीच्या रात्री फार वाईट गेल्या, बाबा खुर्चीत बसून झोपायचे. आता नाक मोकळं आहे. सलग तीन ते पाच दिवस, त्यापुढे हे थेंब नकोत.

गवतीचहा
मी मेडिकलच्या दुकानात असते. झायलोमेटाझोलिनची मोठ्यांची बाटली ०.१ टक्क्यांची, मुलांची ०.०५ ची, तरी "एकच द्या, सगळ्यांना चालेल" असं लोक म्हणतात. नाही चालत! तान्ह्या बाळासाठी मी फक्त सलाइनचे थेंब देते, बाकी डॉक्टरांची चिठ्ठी हवी. सर्दीच्या सिरपचंही तेच. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं लेबलवर छापायचा आदेश २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी काढला. आईवडिलांना मी ती ओळ बोट ठेवून वाचायला लावते.

तोक्योकर
भारतातून येताना सर्दीच्या गोळ्या आणत असाल तर घटक वाचा. स्यूडोएफेड्रिन (नाक मोकळं करणारा घटक) १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं आधी परवानगी घेतल्याशिवाय जपानमध्ये आणायला बंदी आहे.